ऑफर लेटरवर सही करण्याआधी

खामगाव, शेगाव, मलकापूर, अकोला या पट्ट्यातून येऊन न्यू जर्सी आणि बोस्टनकडे औषध व जैवतंत्रज्ञानाच्या क्षेत्रात रुळलेल्या घरांनी सांगितलेल्या गोष्टी इथे एकत्र केल्या आहेत. फार्मसी, मायक्रोबायॉलॉजी, बायोटेक शिकून निघणारी मुलंमुली डोळ्यांसमोर आहेत. बाकी मतं पुष्कळ, पण एका मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत: पगार नंतर विचारा. आधी विचारा, व्हिसाचा अर्ज कोण भरणार, कोणत्या प्रकारात आणि पुढे काय. एका काकांच्या वऱ्हाडीत, "पॅकेज तं समदे पाह्यतात, कागद काहून नाही पाह्यत?"

कागदांची सुरुवात नगरपालिकेतून करा. आपल्याकडे जन्माची नोंद आधी होते आणि बारसं मागून, त्यामुळे कितीतरी दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो. दहावीला, पासपोर्टला हे कुणाच्या लक्षात येत नाही. ग्रीन कार्डाच्या अर्जात मात्र तो कोरा रकाना आडवा येतो, आणि तेव्हा तुम्ही सात समुद्रांपलीकडे असता. नाव आत्ताच चढवून घ्या. वडिलांचं नाव एका कागदावर 'रामराव', दुसऱ्यावर 'रामभाऊ', तिसऱ्यावर नुसतं 'आर.' असेल, तर तेही निस्तरा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींनी पासपोर्ट, पदवी आणि विवाह नोंदणीचा दाखला शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावं. आणि मार्कशीट कृपा करून लॅमिनेट करू नका; मागे शिक्का मारायला जागाच उरत नाही. अमरावती विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्ट जास्तीच्या काढून ठेवा.

एमआयडीसीत किंवा एखाद्या औषध कारखान्याच्या क्यूसी विभागात नोकरी केली असेल, तर निघताना अनुभवपत्र नीट मागा: लेटरहेडवर, तारखांसह, पूर्णवेळ होतो असं लिहून, काय काय काम केलं त्याच्या तपशिलासह. 'वर्तणूक समाधानकारक' एवढ्यावर तिकडे भागत नाही. साहेब बदलले, कारखाना विकला गेला, की मग ते पत्र द्यायला कुणी सापडत नाही.

आता पदवी. आपली बी.एस्सी. तीन वर्षांची. ग्रीन कार्डाच्या बऱ्याच प्रकारांत अमेरिकेच्या चार वर्षांच्या पदवीशी ती एकटी बरोबरी करत नाही, म्हणून पुढची एम.एस्सी. किंवा तिकडची एम.एस. महत्त्वाची. बी.फार्म. चार वर्षांचं असल्यानं तो प्रश्न येत नाही, पण तिथे वेगळाच गैरसमज असतो. 2003 नंतर पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला तिथल्या औषध दुकानात फार्मासिस्ट होण्याच्या परीक्षेला बसायचं, तर फार्मसीचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा लागतो. म्हणजे नुसत्या बी.फार्म.वर ती वाट बंद, फार्म.डी.वाल्यांना खुली. बी.फार्म.वाल्यांनी कंपनी, प्रयोगशाळा, क्लिनिकल ट्रायल किंवा रेग्युलेटरी कामाकडे वळावं. तिथे आपली माणसं पुष्कळ आहेत.

व्हिसाचं गणित असं. कंपन्यांसाठी एच-1बी या कामाच्या व्हिसाच्या वर्षाला 85,000 जागा, त्यातल्या 20,000 अमेरिकेत मास्टर्स किंवा त्याहून वरची पदवी घेतलेल्यांना. मार्चमध्ये नोंदणी, सोडतीत नंबर लागला तर 1 ऑक्टोबरपासून काम. 2026च्या फेरीपासून पगाराची पातळी जितकी वरची, तितक्या तुमच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त. म्हणजे नवशिक्याला मार बसणार. विद्यापीठं, त्यांना जोडलेली ना-नफा रुग्णालयं आणि ना-नफा संशोधन संस्था यांना मात्र ही मर्यादा लागू नाही. आपल्या विषयातल्या लोकांना मिळालेली ही मोठी सवलत आहे, आणि ती माहीतच नसलेले लोक दरवर्षी भेटतात. तरी सप्टेंबर 2025 मधला आदेश लक्षात ठेवा: अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी नवा एच-1बी अर्ज करायचा तर मालकाला एक लाख डॉलर भरावे लागतात, आणि विद्यापीठंही त्यातून सुटलेली नाहीत. त्यामुळे भारतातून थेट संशोधनाला जाणाऱ्याला संस्था बहुधा जे-1 हा देवाणघेवाणीचा व्हिसा देईल. जे-1नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची कौशल्य-यादीची अट डिसेंबर 2024 मध्ये भारतासाठी उठली. सरकारी पैशावर गेलात, तर ती अजूनही लागू शकते.

तिकडे शिकलेल्यांना ओपीटीचं, म्हणजे पदवीनंतर काम करण्याच्या परवानगीचं, एक वर्ष आणि विज्ञान शाखेला आणखी 24 महिने मिळतात, पण ते वाढीव महिने ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी यंत्रणेमध्ये नोंदलेल्या मालकाकडेच. दहा-बारा माणसांच्या स्टार्टअपमध्ये ही नोंदणी आहे का, हे मुलाखतीतच विचारा. विचारायला लाजू नये. विचारणारा माणूस तयारीचा वाटतो.

छोट्या बायोटेक कंपन्यांबद्दल जाणत्यांचं म्हणणं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण खरी फसगत तिथे होते. औषध बाजारात येण्याआधीची बरीच वर्षं अशी कंपनी तोट्यातच असते. ग्रीन कार्डासाठीच्या आय-140 अर्जात तर मालकाला तुमचा पगार देण्याची ऐपत सिद्ध करावी लागते: नफ्यातून, निव्वळ चालू मालमत्तेतून, किंवा ठरलेला पगार आधीपासून देत असल्याच्या पुराव्यातून. म्हणून करारातला पगार आणि ग्रीन कार्डाच्या कागदातला पगार जुळतो का, ते पाहा. ट्रायल फसली, गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला, की कपात होते. मग एच-1बीवाल्याच्या हातात दुसरा मालक शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस. शिवाय कंपनीनं माणसं कमी केली, तर पुढचे सहा महिने त्याच कामाच्या, त्याच भागातल्या नव्या ग्रीन कार्ड अर्जांत काढलेल्यांना कळवून विचारात घ्यावं लागतं, आणि बहुतेक कंपन्या ते काम सरळ थांबवतात. प्रयोगशाळा बोस्टनजवळच्या केंब्रिजहून दूरच्या शहरात हलली, तर एच-1बीचा सुधारित अर्ज हलण्याआधीच भरावा लागतो. हे मालकाचं काम खरं, पण आठवण तुम्हीच द्या.

एच-1बीची मुदत साधारण सहा वर्षं. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग त्याहून फार लांब, आणि आय-140 मंजूर झाल्यावरच सहाच्या पुढे तीन-तीन वर्षांची वाढ मिळते. जोडीदाराला एच-4 या आश्रितांच्या व्हिसावर कामाची परवानगीही बहुधा तेव्हाच मागता येते. म्हणून पहिल्या वर्षीच ती प्रक्रिया सुरू करणारा मालक, चार पैसे कमी देत असला, तरी बरा. पीएच.डी.वाल्यांनी शोधनिबंध, त्यांचे दाखले, इतरांच्या निबंधांची परीक्षणं यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी; मालकामार्फत ओ-1 या असाधारण गुणवत्तेच्या व्हिसाचा, किंवा राष्ट्रहिताच्या वाटेनं ग्रीन कार्डाचा स्वतःच अर्ज करताना तीच कामाला येते.

व्हिसाची मुलाखत मुंबईला बीकेसीत. बोटांचे ठसे आधी द्यावे लागतात, तेव्हा शेगावहून विदर्भ एक्स्प्रेसनं गेलात तरी एका दिवसात उरकेल असं धरू नका. जीवाणू, विषाणू, रसायनं असे शब्द बायोडेटात दिसले की अधिकारी फाइल जास्तीच्या तपासणीला पाठवू शकतात. मग आठवडे, कधी महिने जातात. संशोधन कशासाठी, कोणासाठी, हे सोप्या इंग्रजीत एका पानावर लिहून न्या. दिवाळीला घरी येताना पासपोर्टावरचा शिक्का संपला असेल, तर परतीचं तिकीट आणि ट्रायलची तारीख एकमेकींना खेटून ठेवू नका.

कंपनीचा वकील कंपनीचा असतो. आय-129ची (एच-1बीच्या अर्जाची) मंजुरी आणि आय-140ची प्रत मागून स्वतःजवळ ठेवा. नोकरी सुटली तरी रांगेतली तुमची तारीख मंजूर आय-140वर टिकते. नियम वरचेवर बदलतात, तेव्हा सही करण्याआधी स्वतःच्या पैशानं एकदा तरी वेगळ्या वकिलाचा सल्ला घ्या.