तुटलेला अवयव पुन्हा का उगवतो?

भिंतीवरच्या पालीला झाडूचा फटका बसला की शेपटी जमिनीवर वळवळत राहते आणि पाल आढ्याकडे पसार होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ही शेपटी बहुधा फटक्याने तुटत नाही. पालच ती टाकून देते. शेपटीच्या मणक्यांत तुटण्याच्या जागा आधीच तयार असतात. स्नायू आवळले की मणका तेथेच दुभंगतो. काही आठवड्यांनी नवी शेपटी येते. परंतु ती जुनीची केवळ नक्कल होय. तिच्यात मणके नसतात, कूर्चेची एक सलग नळी असते.

सॅलमँडर नावाचा बेडकाचा आप्त याहून पुष्कळ पुढे गेला आहे. त्याचे तुटलेले पाय पुन्हा येतात, हे इटलीच्या स्पालान्झानी यांनी १७६८ मध्ये प्रसिद्ध केले. मेक्सिकोतील अ‍ॅक्सोलोटल हा याच कुळातला. त्याचा पाय कापला तर हाड, स्नायू, मज्जातंतू आणि बोटे यांसह पुरा पाय उगवतो. जखमेवर काही तासांतच पातळ त्वचा पसरते. तिच्याखाली आसपासच्या पेशी आपले ठरलेले काम सोडून जणू बालपणाकडे परततात, वाढू लागतात आणि त्यांचा एक कोंब बनतो. मज्जातंतू तेथवर पोचला नाही तर मात्र हा कोंब वाढत नाही.

मग आपल्यालाच हे का साधत नाही? आपली जखमही भरते. पण तंतूंचे दाट जाळे विणले जाऊन तेथे व्रण उरतो, आणि व्रणातून कोंब फुटत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आम्हांला फार बोलका वाटतो. जंतू व मृत पेशी गिळणाऱ्या भक्षक पेशी अ‍ॅक्सोलोटलच्या शरीरातून नाहीशा केल्या, तेव्हा त्याचा पाय उगवला नाही. आपल्यासारखा व्रण राहिला. त्या पेशी परतल्यावर तोच थोटा भाग पुन्हा कापला, आणि पाय आला! म्हणजे शक्ती नष्ट झाली नव्हती, तिची वाट अडली होती.

मनुष्यातही तिचा अंश आहे. १९७४ मध्ये इंग्लंडातील शेफील्डच्या एका महिला डॉक्टरांनी लहान मुलांची तुटलेली बोटे वर्णिली. केवळ टोक गेले असेल आणि जखम टाके घालून न मिटवता नुसती पट्टी बांधून ठेवली, तर टोक नखासह पुन्हा येत असे. पेराच्या खाली तुटलेले बोट मात्र थोटेच राही.