आबांचा ट्रॅक्टर चालू करतेयस? मग आधी हे ऐक

अगं, आबांचा ट्रॅक्टर भंगारात जाऊ दिला नाहीस, बरं केलंस. काका चिडले असतील, चिडू देत. पण फोनवर तू "ताई, लाल रंग कुठल्या कंपनीचा चांगला?" असं विचारलंस, तेव्हा म्हटलं, हिला सविस्तर लिहूनच कळवावं. रंग सगळ्यात शेवटी, बाई. आधी कागद, मग ब्रेक, मग इंजिन. मिस्त्री नेमका उलटा क्रम सांगेल, कारण त्याचा पैसा इंजिनात आहे.

एका बाबतीत तुझं नशीब चांगलं. हा बी-२७५ आहे. महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास या तिघांनी १९६३ साली ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि १९६५ मध्ये पहिला बी-२७५ आणला. कारखाना कुठे, तर आपल्या कांदिवलीत. माझे सासरे तिथेच फिटर होते. मला जे काही येतं ते त्यांच्या हाताखाली पाने पुसता पुसता आलेलं. २७५ हे नाव आजही बाजारात चालू आहे, त्यामुळे सुट्या भागांसाठी तुला वणवण करावी लागणार नाही. तुझ्या आत्याकडे एचएमटी उभा आहे ना, त्याचं तसं नाही. त्यांचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झाला.

आता कागद. आरसी बुक आबांच्या नावावर असणार. वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ लागतो. नेहमीच्या खरेदी-विक्रीचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म एजंट पुढे सरकवेल, ते इथे कामाचे नाहीत. आबांनी बँकेचं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला असेल, तर आरसीवर बोजा चढलेला असेल. कर्ज कधीच फिटलं असलं तरी बोजा आपोआप उतरत नाही, त्यासाठी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. नोंदणीची १५ वर्षं तर केव्हाच उलटली असतील, तेव्हा नूतनीकरणही आहेच. कल्याण आरटीओत जाण्याआधी इंजिन नंबर आणि चेसिस नंबर ओल्या फडक्याने पुसून आरसीशी ताडून बघ. गंज काढायला म्हणून कुणालाही त्या नंबरांवर ग्राइंडर फिरवू देऊ नकोस. पेंटरने नंबरावर लांबी भरली, की तपासणीच्या दिवशी तूच गुन्हेगार असल्यासारखी उभी राहशील.

मग ब्रेक. ट्रॅक्टरला उजव्या-डाव्या चाकांचे दोन वेगळे पेडल असतात. शेतात वळताना एकच दाबायचा, म्हणजे ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल कडीने जोडूनच निघायचं. त्या कडीचा खिळा बहुतेक जुन्या ट्रॅक्टरवर हरवलेला असतो आणि त्याच्या जागी तारेचा तुकडा गुंडाळलेला असतो. तो खिळा पहिल्यांदा आण. कल्याण-मुरबाड रस्त्यावर डंपर मागे लागलेला असताना एकच चाक धरलं, तर ट्रॅक्टर आडवा होतो. स्टेअरिंगचा खेळ बघ, आणि इंजिन बंद करायची जी ओढायची तार असते, ती खरंच शेवटपर्यंत सरकते का तेही बघ. जे यंत्र थांबवता येत नाही ते चालू करायचं नाही.

इतकं झालं की इंजिनाकडे वळ. पण लगेच सेल्फ मारू नकोस! सायलेन्सरवर आबांनी उपडा डबा घातला होता की नाही, ते आठव. घातला नसेल तर एवढे पावसाळे थेट आत गेलेत. आधी ऑइलची पट्टी ओढ. ऑइल काळं असलं तर हरकत नाही. दुधी, फेसाळ दिसलं तर पाणी शिरलंय, तिथेच थांब. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवून बघ. फिरलं तर देवाला नारळ. जाम असेल तर चारही नोझल काढून आत थोडं डिझेल आणि ऑइल सोड, चार दिवस मुरू दे आणि पुन्हा हळूच प्रयत्न कर. पान्याला पाइप लावून जोर करणारा पुतण्या प्रत्येक घरात असतो. त्याला त्या दिवशी बाजारात पाठव.

टाकीतलं जुनं डिझेल सगळं काढ. आपल्या कोकणच्या दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत पाणी धरतंच. दोन्ही फिल्टर नवे घाल. एअर क्लीनरखालची वाटी उघडशील तेव्हा तळाला काळा गाळ बसलेला असेल. तो खरवडून, डिझेलने धुऊन नवं ऑइल घाल, पण खुणेपर्यंतच. जास्त भरलंस तर इंजिन तेच ऑइल ओढून बेफाम पळतं, मग चावी काय, तारही ऐकत नाही.

फिल्टर बदलले, की लाइनीत हवा राहते. ही हवा काढणं तू स्वतः शीक, कारण भर चिखलणीत डिझेल संपलं, की मिस्त्री फोन उचलत नाही. फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू दोन आटे सैल कर आणि पंपाच्या बाजूचा हातपंप अंगठ्याने मारत राहा. आधी फेस येईल, फुसफुस होईल, मग बुडबुड्याशिवाय सलग धार लागेल. धार लागलेली असतानाच स्क्रू आवळ. तसंच पुढे पंपावर. शेवटी नोझलच्या पाइपांचे नट जरासे सैल करून सेल्फ मारायचा. त्या वेळी पाइपाच्या तोंडाशी बोट नेऊ नकोस. तिथला दाब एवढा असतो, की डिझेल कातडीच्या आत घुसतं, आणि मग हॉस्पिटलच गाठावं लागतं. ओढणी घरी ठेवून जा. पंख्याचा पट्टा आणि मागचा पीटीओचा फिरता दांडा, दोघेही कापड धरतात, सोडत नाहीत.

पंपाला मात्र तू हात लावायचा नाहीस, आणि गावच्या मिस्त्रीलाही लावू द्यायचा नाहीस. पंप-नोझल हे डिझेल पंपवाल्याकडे मशीनवर लावून तपासायचं काम. जुने मिस्त्री अजून 'मायकोचा पंप' म्हणतात. मायको या कंपनीचं नाव बॉश होऊन किती वर्षं झाली, पण गॅरेजात नावं लवकर मरत नाहीत. नोझल नेताना तोंडं बंद करून पिशवीत घाल, डोंबिवली फास्टमध्ये कुणाच्या लक्षातही येणार नाही. बॅटरी मात्र लोकलने नेऊ नकोस. तिचं ॲसिड सांडलं तर सारा डबा तुला शिव्या घालेल, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

इंजिन चालू झालं आणि ऑइलचा काटा वर आला, तर ते उघडू नकोस. "आता हाताबरोबर हाफ इंजिन करून टाकू" असं मिस्त्री म्हणेलच. धूर किती, कुठल्या रंगाचा, ऑइल किती खातंय, हे आधी महिनाभर बघ. क्लच चिकटला असेल तर गोष्ट वेगळी, त्यासाठी ट्रॅक्टर मधोमध सुटा करावा लागतो, आणि ते काम जाणत्या माणसाचं. मागचं चाक एकटीने कधी काढायचं नाही. आबा त्यात पाणी भरायचे, त्याचं वजन तुला पेलणार नाही. जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नकोस, लाकडी ठोकळे लाव.

खरं सांगू? तुझी भाताची खाचरं उरलीत किती? निम्म्यावर बिल्डरच्या पाट्या लागल्यात. तेवढ्या चिखलणीला भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्त पडतो, हा हिशेब काकांनी तुला ऐकवला असेल, आणि तो चूक नाही. ट्रॅक्टर अंगणात शोभेला ठेवायचा असेल तर एवढा खटाटोप नको. महिन्यातून एकदा तरी तो चालवणार असशील, शेजारच्या दोन घरांची खाचरं करून देणार असशील, तरच पैसे घाल. यंत्र उभं राहिलं, की गंजतं. आणि पावसाळ्यानंतर उभा करशील तेव्हा क्लचचा पेडल लाकूड अडकवून दाबून ठेव, म्हणजे प्लेट चिकटणार नाही.

कामाला दिवाळीनंतर लाग. मृग लागेपर्यंत वेळ मिळतो, घाई होत नाही. तोवर या रविवारी गावी जाऊन एवढंच कर: काकूच्या ट्रंकेत आरसी बुक शोध, चेसिस नंबरचा फोटो काढ आणि मला पाठव.