‘पाचच जणांना पाठवा’ हे ठरवलं कोणी?

प्रश्न : आमच्या संत्रा बागायतदारांच्या ग्रुपवर भाव आला की मी तो इतर ग्रुपांवर टाकतो. पण एका वेळी पाचाच्या वर जात नाही. कधी कधी तर एकाच ठिकाणी जातो. हा नियम सरकारचा की व्हॉट्सअ‍ॅपचा? आणि एखाद्या कंपनीला असा नियम करता येतो का?
— एक वाचक, वलगाव (जि. अमरावती)

उत्तर : नियम कंपनीचा, पण त्यामागची एक घटना आपल्याच राज्यातली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. अशा अफवांनी इतर राज्यांतही बळी घेतले होते. दोनच दिवसांत केंद्र सरकारने व्हॉट्सअ‍ॅपला कडक शब्दांत तंबी दिली. त्याच महिन्यात कंपनीने भारतात पाचाची मर्यादा घातली. इतर देशांत तेव्हा ती वीस होती. जानेवारी २०१९ पासून सगळ्या जगाला पाच झाली. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या काळात, अनेक हातांतून फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं ठरलं. दुहेरी बाण दिसतो तो हाच निरोप.

म्हणजे ‘काहीतरी करा’ हे सरकारने सांगितलं. काय करायचं ते कंपनीने ठरवलं. पाचाचा आकडा कुठल्याही कायद्यात नाही. मजकूर कंपनीला वाचता येत नाही, म्हणून खरं-खोटं न तपासता निरोपाचा वेग तेवढा कमी केला. तुमचा खरा भाव आणि कुणाची खोटी अफवा, दोन्ही एकाच चाळणीत अडकतात ते यामुळे.

कंपनीला हे करता येतं का? येतं. खातं उघडताना आपण तिच्या अटी मान्य केलेल्या असतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ सांगतं, की ठरलेली काळजी घेतली तर लोकांनी टाकलेल्या मजकुराची जबाबदारी कंपनीवर येत नाही. त्या बदल्यात २०२१ च्या नियमांनी तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक केलं : २४ तासांत पोच, ठरलेल्या मुदतीत निकाल. तो पटला नाही तर २०२३ पासून केंद्राच्या अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते.

याउलट सरकार स्वतः हात घालतं तेव्हा काय होतं, ते अमरावतीने नोव्हेंबर २०२१ मध्ये पाहिलं. दंगल उसळली आणि शहराचं इंटरनेटच बंद झालं. अफवेबरोबर पैशांचे व्यवहार अन् कामाचे निरोपही थांबले. मात्र असा आदेश प्रसिद्ध करावा लागतो आणि त्याला न्यायालयात आव्हान देता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये बजावलं आहे. कंपनीचा नियम सौम्य असतो, पण तो करताना ना संसदेत चर्चा होते, ना कुणी हरकती मागवतं. खासगी नियमांची खरी अडचण ही आहे. नियम कंपन्यांनी करावेत, पण कारणं जाहीर सांगण्याचं बंधन त्यांच्यावरही हवं.

ग्रुप तुम्ही चालवत असाल तर एक दिलासा : सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही, असा निर्णय नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. भावासाठी मात्र चॅनेल काढा. तिथे पाचाची अडचण येत नाही.