लघवीची जळजळ परत परत का होते?



वस्तीतली बैठक संपली की एखादी मुलगी दाराशी रेंगाळते. सगळ्या गेल्या की हळूच म्हणते, "सिस्टर, लघवीला जळजळ होतेय. परत."

अशीच एक एकोणीस वर्षांची मुलगी. उन्हाळी लागली म्हणून घरी धण्याचे पाणी दिले. उतार पडेना, तेव्हा मेडिकलमधून गोळ्या आणल्या. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवल्या. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी थंडी वाजून ताप आला, कमरेत कळा आल्या. तपासणीत कळले, जंतू त्या गोळीला दाद देत नव्हते आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता.

हा आजार लग्न न झालेल्या मुलीलाही होतो. त्यावरून तिच्या चारित्र्याचा हिशेब मांडू नका. बाईची मूत्रनळी जेमतेम चार सेंटिमीटरची आणि गुदद्वाराजवळ असते. शौचातले ई. कोलाय नावाचे जंतू तिथून सहज मूत्राशयात शिरतात. लघवी केली की ते धुऊन जातात. पण संडास लांब, रांग मोठी, रात्री अंधार. म्हणून आपल्या मुली पाणीच कमी पितात, तासन्‌तास लघवी दाबून धरतात. जंतूंना तेवढा वेळ पुरतो.

अंगावरून जाणे हे वेगळे दुखणे आहे. पाळीच्या मध्यावर थोडे पारदर्शक, वास नसलेले पाणी जाणे नैसर्गिक आहे. दह्यासारखे घट्ट पांढरे जाऊन खूप खाज येत असेल, तर बहुधा बुरशी असते. पातळ, माशासारखा वास येणारे पाणी जात असेल, तर योनीतल्या जंतूंचे संतुलन बिघडलेले असू शकते. पिवळसर-हिरवे, फेसाळ जात असेल, तर तो संसर्ग संबंधातून आलेला असू शकतो. मग नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते, नाहीतर तो परत येतो. लघवीची गोळी यातल्या प्रत्येकाला चालत नाही. उलट अँटिबायोटिकने बुरशी वाढू शकते.

काय करावे?

१. दिवसभर पाणी प्या. दर तीन-चार तासांनी लघवीला जा. संबंधानंतरही जा.
२. शौचानंतर पुढून मागे धुवा. योनीच्या आत साबण किंवा डेटॉल घालू नका. आतले उपकारक जंतू मरतात.
३. सुती चड्डी वापरा. पाळीचे कापड धुऊन उन्हात वाळवा, लपवून ओलसर ठेवू नका. पॅड चार ते सहा तासांनी बदला.
४. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा त्रास झाला, तर औषध सुरू करण्यापूर्वी लघवीचे कल्चर करा. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी स्वच्छ डबीत घ्या. अहवाल दोन-तीन दिवसांत येतो. रक्तातील साखरही तपासा.
५. डॉक्टरांनी दिलेला कोर्स पूर्ण करा.

ताप, थंडी, कमरेत दुखणे, उलट्या, लघवीत रक्त यांपैकी काहीही असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर बाईने तर साध्या जळजळीलाही थांबू नये. सरकारी रुग्णालयात किशोरवयीन मुलींसाठी मैत्री क्लिनिक असते. योनीमार्गाच्या संसर्गासाठी सुरक्षा क्लिनिकमध्ये मोफत औषध मिळते. केसपेपर काढताना खिडकीवर सगळे सांगायची गरज नाही. "बाईंना दाखवायचे आहे" एवढे पुरते.

आयांनो, मुलीला "पाणी कमी पी" असे सांगू नका. रात्री तिच्यासोबत संडासापर्यंत चाला. आणि महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत एक अर्ज लिहा: संडासात दिवा, पाणी आणि आतून लागणारी कडी हवी. गोळ्या त्या मुलीने घेतल्या, पण लघवी दाबून धरायची वेळ तिच्यावर आपल्या वस्तीतल्या संडासाने आणली.