आगीचा बंब : खरेदी, साहित्य आणि सुरक्षित वापर

धानाची कापणी आटोपल्यावर मळणी होईपर्यंत पोंभुर्णा तालुक्यातील शेतकरी आपल्या बांध्यांत पुंजणे रचून ठेवतो. त्या दिवसांत त्याचे वर्षाचे उत्पन्न वाळलेल्या स्थितीत उघड्यावर पडलेले असते. पुढे फाल्गुन-चैत्रात मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो, आणि तो जाळ कित्येकदा जंगल ओलांडून गावच्या तणसीपर्यंत येतो. चंद्रपूर वा बल्लारपूरहून बंब येईतो बहुधा राखच उरते. म्हणून नगरपंचायतीने किंवा काही ग्रामपंचायतींनी मिळून स्वतःचा बंब घ्यावा, हा विचार योग्यच होय.

खरेदीच्या वेळी सर्वांची नजर टाकीच्या आकाराकडे जाते. परंतु एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे विसरता कामा नये. ४,५०० लिटरांच्या टाकीत साडेचार टन पाणीच झाले. त्यावर टाकीचे लोखंड, पंप, नळ्या, शिडी व पाच-सहा माणसे. हा सारा भार चेसिसच्या मंजूर वजनात बसला पाहिजे. ताबा घेण्यापूर्वी गाडी पाणी, साहित्य व माणसांसह वजनकाट्यावर न्यावी आणि पुढील व मागील आसांवरील भार निरनिराळा तोलून घ्यावा. केवळ विक्रेत्याच्या कागदावर विसंबू नये. धुऱ्यालगतच्या चिखलात रुतलेला मोठा बंब शोभेपुरताच. आमच्या मते खेड्यांसाठी सुमारे २,००० लिटरांची, चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली गाडी आणि तिच्या मागोमाग ट्रॅक्टरचे टँकर, ही जोडी अधिक कामाची ठरेल.

टाकीपेक्षा पंप महत्त्वाचा. मिनिटाला ४५० लिटर पाणी फेकणारी एकच तोटी २,००० लिटर पाणी साडेचार मिनिटांत संपविते. पुढचे पाणी या भागात मालगुजारी तलावांतून व बोड्यांतून घ्यावे लागणार. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो, व व्यवहारात सात मीटरांपलीकडे ते चढत नाही. उन्हाळ्यात तलाव आटला की पाणी काठापासून दूर जाते, म्हणून शोषक नळी पुरेशी लांब असावी, तिचे जोड हवाबंद असावेत आणि जाळी गाळात न टेकता पाण्यात तरंगती ठेवावी. ही परीक्षा विक्रेत्याकडून तलावाच्या काठीच करवून घ्यावी. पुंजणे रस्त्यापासून ३०० मीटरांवर असेल, तर १५ मीटरांच्या वीस नळ्या लागतात. दोन-चार नळ्यांवर बंब पूर्ण झाला असे मानू नये. नळ्यांचे जोड शेजारच्या नगरपालिकांच्या बंबांस बसणारे असावेत.

बंब चालविणे हे मालमोटार चालविण्यासारखे नाही. अर्धी भरलेली टाकी सर्वांत धोक्याची, कारण वळणावर आतील पाणी एका बाजूस झेपावते व गाडी उलटू शकते. टाकीत आडवे-उभे पत्रे बसवून कप्पे पाडलेले असावेत; तरीही वेग आवरावा लागतो. वेग ताशी ३० वरून ६० किलोमीटर झाला, तर ब्रेक लागल्यावर गाडी थांबण्याचे अंतर चौपट होते. मागील पायरीवर वा टपावर कोणासही उभे राहू देऊ नये. गावकरी उत्साहाने चढतात, त्यांना उतरविणे हे चालकाचे कर्तव्य आहे.

आगीजवळ गाडी वाऱ्याच्या बाजूस, तोंड परतीच्या वाटेकडे करून उभी करावी. वाळल्या गवतावर ती थांबवू नये, कारण तापलेल्या धूरनळीने तेथेच दुसरी आग लागते. वीजप्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तारांवर पाण्याचा फवारा मारू नये. दाट जंगलात बंब नेऊ नये. तेथील आग जाळरेषा काढून व हातसाधनांनीच अडवावी, बंबाने गावाची कड राखावी.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीतील स्फोटात अनेक अग्निशामक जवान प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी या तारखेपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. बंबाची तपासणी मात्र त्या सप्ताहापर्यंत लांबवू नये. तोवर मोहाचा हंगाम बराच सरलेला असतो. एकदा कापणीपूर्वी आणि एकदा माघात, तलावावर नेऊन पाणी उपसून पाहावे.