पावसाळ्यातले गेजचे कपाट



पोलादाला गंज धरायला पाण्याचा थेंब दिसावाच लागतो असे नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की धातूच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो. व्हर्नन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच हे प्रयोगांनी दाखवले होते. हवेत धूळ आणि गंधकाचा धूर असला तर परिस्थिती आणखी बिघडते, असेही त्याला आढळले. भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात जून ते सप्टेंबर बाहेरची आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या आसपास असते, आणि औद्योगिक हवा तर बारमाही. त्यामुळे स्लिप गेज, प्लग गेज, मायक्रोमीटर ठेवण्याच्या कपाटात पावसाळाभर आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांवर राखणे, हे क्यूसीमधल्या माणसाचे मोजमापाइतकेच महत्त्वाचे काम ठरते.

मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. नेमकी इथेच पावसाळ्यात गोची होते. २७ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची १ घनमीटर हवा सुमारे २०.६ ग्रॅम पाणी बाळगून असते. २० अंशांच्या हवेत मात्र जास्तीत जास्त १७.३ ग्रॅम मावते. अशी बाहेरची हवा २० अंशांवर राखलेल्या मोजमापाच्या खोलीत, म्हणजे स्टँडर्ड रूममध्ये शिरली की वरचे तीन-सव्वातीन ग्रॅम पाणी तिथल्या थंड वस्तूंवर उतरते. म्हणजे त्या हवेचा दवबिंदू २३ अंशांच्या आसपास असतो आणि गेज त्याहून थंड असतो. तोच गेज पेटीतून काढून थेट शॉप फ्लोअरवर नेला तरी त्याला घाम फुटतो. पेटी बंदच न्यावी, तासभर तशीच राहू द्यावी, धातू बाहेरच्या तापमानाला आला की मगच झाकण उघडावे.

या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बुधवारी रात्री एसी बंद होतो, दारा-खिडक्यांच्या फटींतून दमट हवा आत येते, आणि २० अंशांचा गेज तिच्या तावडीत सापडतो. शुक्रवारी सकाळी एसी लावताना हा धोका नसतो, कारण तेव्हा हवा आधी गार होते आणि धातू तिच्यापेक्षा उबदार असतो. काळजी घ्यायची ती एसी बंद होताना. बुधवारी शिफ्ट सुटण्यापूर्वी पेट्या रबरी गॅस्केटच्या घट्ट डब्यात गेल्या पाहिजेत.

एसी लावला की हवा कोरडी होते, हा समजही अर्धाच खरा आहे. कॉम्प्रेसर चालू असतो तोवरच एसी पाणी काढतो. जुलैत बाहेरच तापमान २४-२५ अंश असते, तेव्हा साध्या खोलीत २४ वर लावलेल्या एसीचा कॉम्प्रेसर बहुतेक वेळ थांबून राहतो. पंखा तेवढा फिरतो आणि कॉइलवर साचलेले पाणी पुन्हा खोलीत सोडतो. अशा खोलीसाठी वेगळा डीह्युमिडिफायर घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

कपाटातल्या दमटपणाचे खरे घर हवा नसून लाकूड आहे, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. अर्ध्या घनमीटरच्या कपाटात २५ अंशांना हवा ८० टक्क्यांवरून ५० वर आणायची तर साडेतीन ग्रॅम पाणी काढले की झाले. पण त्याच कपाटात गेजच्या पेट्या, फळ्या, खण मिळून पाच किलो लाकूड असेल तर हिशेब पार बदलतो. ८० टक्के आर्द्रतेत लाकडात वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी असते, ५० टक्क्यांत ९ टक्के. फरक साडेतीनशे ग्रॅमचा, म्हणजे हवेतल्या पाण्याच्या शंभरपट. सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून कपाट कोरडे का होत नाही, याचे उत्तर या आकड्यात आहे. हवा तासाभरात सुकते आणि लाकूड रात्रीतून तिला पुन्हा ओली करते. थंड देशांतल्या शौकिनांच्या चिरूटाच्या पेटीत याच गुणाचा उपयोग करून घेतात. तिथले सीडरचे लाकूड आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर धरून ठेवते. ती पेटी मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात ठेवली तर पाणी घालण्याऐवजी काढावे लागते.

म्हणून लाकूड उन्हाळ्यातच सुकवावे. एप्रिलच्या दुपारी पुण्याकडची आर्द्रता २०-३० टक्क्यांपर्यंत उतरते. पापड-कुरडया वाळवून डबे भरायचे तेच हे दिवस. पेट्या रिकाम्या करून, झाकणे उघडी टाकून आठ-दहा दिवस सावलीत ठेवाव्यात (उन्हात नाही, सांधे उलतात), आणि मृग लागण्याआधी बंद कराव्यात. कपाट पावसाची झड लागणाऱ्या भिंतीपासून वीतभर दूर हवे. पुठ्ठ्याची खोकी आणि कॉटन वेस्ट त्यात कदापि ठेवू नये.

सिलिका जेल ५० टक्के आर्द्रतेत आपल्या वजनाच्या साधारण चौथाई पाणी घेते. वरच्या कपाटाला त्या हिशेबाने दीड किलो जेल लागेल. नारिंगी दाणे हिरवे पडले की ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास भाजावेत आणि बंद बरणीतच गार करावेत. उघड्यावर गार केलेले जेल कपाटात जाण्याआधीच दमू लागते. बाजारात मिळणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपड्यांच्या कपाटाला ठीक. त्यांत खारे पाणी साचते, आणि क्लोराइड हा पोलादाचा हाडवैरी, तेव्हा गेजजवळ ते नकोतच.

हायग्रोमीटरवर आंधळा विश्वास ठेवू नये. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन त्यात पाण्याचे चार थेंब टाकावेत. ते ओलसर व्हावे, विरघळू नये. हे बूच आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद पिशवीत दिवसभर ठेवले की आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. काटा ७० दाखवत असेल तर वाचनात ५ मिळवावेत. अर्थात हा प्रयोग गेजच्या खोलीबाहेर करायचा.

बाकी गंज हातातून येतो. घामात मीठ असते आणि काही माणसांचे बोटांचे ठसे दोन दिवसांत पोलादावर तांबूस उमटतात. वापर झाला की गेज शॅमी लेदरने पुसून त्यावर आम्लविरहित व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. खंडेनवमीला हत्यारांची पूजा जरूर करावी, पण मास्टर गेजच्या बंद पेटीची. ओले हळद-कुंकू, पाणी शिंपडलेला झेंडू आणि नारळाचे पाणी मायक्रोमीटरवर पडले की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या एरणीवर डाग दिसतात.

जुना उपाय म्हणजे कपाटात पेटता ठेवलेला फिलामेंटचा बल्ब. त्याच्या उबेने तापमान २५ चे ३० झाले की पाणी तेवढेच राहूनही आर्द्रता ८० वरून ६० वर येते. फिक्स्चर आणि ड्रिलच्या कपाटाला हा उपाय उत्तम, मात्र एलईडी लावून उपयोग नाही, ती पुरेशी तापत नाही. मास्टर गेजना बल्ब नको, कारण ३० अंशांचा गेज २० वर येईपर्यंत मोजमाप खोळंबते. सिरॅमिकचे स्लिप गेज गंजत नाहीत, पण किंमत बरीच जास्त. रोज हाताळायच्या मोजक्या मापांपुरते ते घ्यावेत आणि उरलेला पोलादी संच वर सांगितल्याप्रमाणे सांभाळावा.

— मामा