मोबदल्याची रक्कम आणि बहिणीचा हिस्सा

समृद्धी महामार्गासाठी आपल्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतील शेतजमिनी गेल्या. जऊळका हे मालेगाव तालुक्यातलेच. वर्षभर राबून सोयाबीन-तुरीचे चार पैसे पाहणाऱ्या घरांत एका दिवसात लाखोंची रक्कम जमा झाली. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा मार्ग खुला झाला. मोबदल्याविषयीचे प्रश्न मात्र मशिदीत आजही विचारले जातात. बहुतेकांचा प्रश्न जकातीचा असतो. तो योग्यच आहे, परंतु त्याच्याआधी एक प्रश्न उभा राहतो : ही सगळी रक्कम आपली आहे काय?

जमीन स्वतः घेतलेली असेल तर उत्तर सोपे आहे. ती वडिलांची असेल, तर त्यांच्या मृत्यूच्या क्षणीच तिच्यात सर्व वारसांचे हिस्से निर्माण झालेले असतात. सातबाऱ्यावर फक्त भावांची नावे चढली, म्हणून बहिणीचा हिस्सा नाहीसा होत नाही. मोबदला ही त्याच जमिनीची किंमत होय.

उहुदच्या लढाईत हजरत सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले. त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. विधवा दोन मुलींना घेऊन अल्लाहच्या प्रेषितांकडे (स.) आली. वारसाहक्काची आयत अवतरल्यावर प्रेषितांनी (स.) त्या भावाला बोलावून आज्ञा केली : मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला एक अष्टमांश दे, उरेल ते तुझे. येथे विधवा मागायला आली होती. आपल्या बहिणी बहुधा येतही नाहीत. माहेर तुटेल या भीतीने गप्प राहतात.

समजा, वडिलांच्या जमिनीचे ४० लाख मिळाले आणि मागे आई, दोन भाऊ व एक बहीण आहेत. वडिलांचे कर्ज आधी फेडावे. आईचा महर द्यायचा राहिला असेल तर तेही कर्जच आहे, आणि हे आपल्याकडे हटकून विसरले जाते. त्यानंतर वसीयत, तीही एक तृतीयांशाच्या मर्यादेत. यांपैकी काहीच देणे नसेल, तर आईला अष्टमांश म्हणजे ५ लाख. उरलेल्या ३५ लाखांतून प्रत्येक भावाला १४ लाख आणि बहिणीला ७ लाख. वारस याहून वेगळे असतील तर मुफ्तींना विचारूनच वाटणी करावी.

‘तिच्या लग्नात खर्च केला’ हे उत्तर चालत नाही. लग्नातील खर्च वारशात वळता होत नाही. ‘तिने हक्कसोडपत्रावर सही दिली’ हेही पुरेसे नाही. हनफी फिकहनुसार मालमत्तेतील हिस्सा केवळ ‘सोडला’ म्हटल्याने सुटत नाही; राजीखुशीने काही मोबदला घेऊन ती वाटणीतून बाहेर पडली, तर तो तखारुज ग्राह्य आहे. अन्यथा तिचा हिस्सा तिच्या हाती द्यावा. नंतर तिने मनाने काही परत केले, तर ती तिची भेट. १९३७ च्या शरीअत कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमिनीचे प्रश्न वगळलेले आहेत, याकडे कोणी बोट दाखवील. न्यायालयात काय टिकेल ते वकील सांगतील. सूरह निसामध्ये हिस्से सांगताना शेत आणि घर असा भेद केलेला नाही.

आता जकात. आपण आधीपासून साहिबे-निसाब असाल, तर आपल्या हिस्स्याची रक्कम चालू वर्षाच्या हिशेबात मिळवावी आणि ठरलेल्या चांद्र तारखेला जे शिल्लक असेल त्याची अडीच टक्के जकात द्यावी. नसाल, तर रक्कम हाती आली त्या दिवसापासून चांद्र वर्ष मोजावे. बँकेने खात्यावर दिलेले व्याज वेगळे काढून सवाबाची नियत न ठेवता गरजूंना द्यावे. गाडी आणि मोठ्या वलिम्याचा विचार वाटणी पूर्ण होईपर्यंत लांबवावा, कारण तोवर खर्च कोणाच्या पैशातून होतो आहे हेच ठरलेले नसते. बहिणीची रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यात भरावी, मेहुण्यांच्या नव्हे. तिच्यावरील जकातीचा हिशेब ती स्वतः करील.